उलांडी

गेल्या जूनमध्ये माझ्या लॅपटॉपवर एक स्प्रेडशीट होती. नाव 'कयाक_फायनल'. नंतर 'कयाक_फायनल_२'. ऑक्टोबरपर्यंत ती 'कयाक_फायनल_७_खरंच' झाली. रुंदी, लांबी, वजन, भारक्षमता, सीटची उंची, किंमत असे कॉलम होते आणि शेवटच्या कॉलममध्ये मी स्वतः बनवलेला 'स्थिरता स्कोअर'. पुण्यातल्या वन बीएचकेत, स्टँडअप मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, मी समुद्रापासून दूर बसून होड्यांची तुलना करत होतो.

कारण बाबा होते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांचे दोनच उद्योग राहिले: सकाळी पेपर आणि संध्याकाळी खाडी. आमचं गाव कर्ली नदीच्या काठावर आहे. नदी देवबागजवळ समुद्राला मिळते, आम्ही त्या मुखापासून बरेच आत. काकांच्या होडीत बसून, हातातल्या दोरीला गरी लावून बाबा तांबोशी, गोबरा, शेंगटी जे मिळेल ते काढायचे. मासे कमी आणि बसणं जास्त असा तो कार्यक्रम असायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर हॉस्पिटल मिळालं, बोलणं परत आलं, उजवी बाजू शाबूत राहिली. डावा हात आणि डावा पाय मात्र पूर्वीसारखे झाले नाहीत. काठी घेऊन चालतात. बसल्या जागी नकळत डावीकडे कलतात. आई मधूनमधून खांद्याला हात लावून त्यांना सरळ करते, जशी भिंतीवरची तसबीर सरळ करावी.

काकांची होडी आता फायबरची आहे, मागे इंजिन लावलेली. काठ उंच. त्यावरून पाय टाकून आत चढणं बाबांना जमत नाही, आणि बसलं तरी आडव्या फळीला पाठ नसते. त्यामुळे खाडी बंद. संध्याकाळी ते अंगणात बसतात. आमच्या अंगणातून खाडी दिसत नाही, फक्त भरतीच्या वेळी वास येतो.

मला वाटलं, हा प्रॉब्लेम सोडवता येईल. इंजिनिअर माणसाला सगळ्याच गोष्टी प्रॉब्लेम वाटतात आणि सगळे प्रॉब्लेम सोडवता येतील असं वाटतं. बजेट ठरवलं साठ हजार. घराचा हप्ता, बाबांची फिजिओथेरपी, औषधं हे सगळं जाऊन जे उरतं त्यात याहून जास्त बसत नव्हतं.

*

कयाक ही मुळात शिकाऱ्यांची होडी. आर्क्टिकमधले इन्यूइट लोक वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचं कातडं ताणायचे. ज्याची कयाक त्याच्याच शरीराच्या मापाने बनायची. ती अतिशय अरुंद असायची, कारण सीलपर्यंत आवाज न करता आणि वेगाने पोचायचं असायचं. उलटली तर आत बसल्याबसल्याच वल्ह्याच्या एका हिसक्याने सरळ व्हायचं, हे कौशल्य त्यांना लहानपणापासून शिकावं लागे. थोडक्यात, मूळ कयाकमध्ये स्थिरता होडीत कमी होती आणि माणसात जास्त.

आज मासेमारीसाठी जी प्लॅस्टिकची कयाक मिळते तिचा हिशोब उलटा आहे. माणूस नवशिका असणार, गरी सोडण्यासाठी एका बाजूला वाकणार, मासा लागला की हुरळणार, हे गृहीत धरून ती रुंद केलेली असते.

रुंदीने नेमकं काय होतं ते मी जूनच्या एका पावसाळी रविवारी शोधलं. कॉलेजात शिकलेलं पुन्हा वाचावं लागलं. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो. पाणी वर ढकलतं ते त्या बाजूला जास्त ढकलतं आणि होडी परत सरळ होते. होडी रुंद असेल तर हा धक्का मध्यापासून लांब बसतो. वजन तेवढंच ठेवून फक्त रुंदी वाढवली तर सुरुवातीची स्थिरता रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सत्तर सेंटीमीटरची कयाक आणि पंच्याऐंशीची कयाक यात दिसायला वीतभरच फरक, पण स्थिरतेत जवळजवळ पावणेदोन पट. हे कळलं तेव्हा मी मध्यरात्री एकटाच खूश झालो होतो.

पण याला दोन पुरवण्या आहेत. पहिली सीटची. अनेक फिशिंग कयाकमध्ये खुर्चीसारखी उंच सीट असते. फोटोत छान दिसते, पाठीला आराम, पाय सुटसुटीत. पण दोन माणसांचं वजन पंधरा सेंटीमीटर वर नेलं तर माझ्या ढोबळ गणितात निम्मी स्थिरता गेली. रुंदीसाठी मोजलेले पैसे खुर्चीने परत घेतले.

दुसरी पुरवणी जास्त महत्त्वाची. स्थिरता दोन प्रकारची असते. एक बसल्याबसल्या जाणवते: होडी डुगडुगत नाही, पाट घातल्यासारखी वाटते. दुसरी कलल्यावर कळते: बरीच कललेली होडी अजून सावरते की नाही. सपाट बुडाच्या होडीत पहिली भरपूर असते. ती शेवटपर्यंत 'काही होत नाही' असं सांगत राहते आणि मग एकदम पलटते. गोलसर बुडाची पहिल्या मिनिटापासून डुगडुगते, पण बरीच कलली तरी तग धरते. म्हणून दुकानात किंवा किनाऱ्यावर पाच मिनिटं बसून 'स्थिर आहे' म्हणणं फारसं उपयोगाचं नाही.

*

जुलैअखेरपर्यंत प्रकार गाळून झाले. तुम्ही कधी या भानगडीत पडलात तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

हवेची, म्हणजे फुगवायची कयाक: स्वस्त, रुंद, गाडीच्या डिकीत मावते, पुण्यातल्या माणसाला अगदी सोयीची. मी जवळजवळ घेतलीच होती. काकांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "आणि कालवां?" आमच्या खाडीतल्या प्रत्येक खडकाला कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी. वर गरीची टोकं आणि शेंगटीचे काटे. हवेची कयाक बाद.

ज्यात पाय आत घालून बसतात ती बंद कयाक: बाबांचा डावा पाय आत घालणं अवघड, बाहेर काढणं त्याहून अवघड. उलटली तर आत पाणी भरणार. बाद.

पायडल मारून चालणाऱ्या कयाक: हात मोकळे राहतात, मासेमारीला उत्तम. किंमत पाहून टॅब बंद केला.

उरली वर बसायची कयाक. जाड प्लॅस्टिकचा पोकळ, बंद ठोकळा, वर बसायला खळगे. बुडातून आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी त्यातून आपोआप निघून जातं. फुटल्याशिवाय ती भरून बुडत नाही. जड असते, धिमी असते, पण खडकावर घासली तरी ओरखड्यापलीकडे काही होत नाही. आणि मला दोन माणसांची हवी होती. बाबा पुढे, मी मागे वल्हवणार.

भारक्षमतेचा आकडाही फसवा असतो. कंपनी जो आकडा देते तेवढं वजन टाकलं तर कयाक तरंगते खरी, पण पाण्यात इतकी खोल बसते की वल्हवणं आणि सावरणं दोन्ही कठीण. सत्तर टक्क्यांच्या आत राहावं, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा. बाबा ७४ किलो, मी ६८, सामान १२. एकूण १५४. म्हणजे निदान २२० किलोची हवी.

नवीन दोनसीटर, त्यावर वल्ही, दोन लाइफ जॅकेट, गावापर्यंतची वाहतूक असं सगळं धरलं तर साठ हजारांच्या बाहेर जात होतं. मग काकांनीच ओळखीतून किनाऱ्यावरच्या एका वॉटरस्पोर्ट्सवाल्याकडची जुनी कयाक शोधली. तीन सीझन वापरलेली, रंग उडालेला. रुंदी ८६ सेंटीमीटर, सीट खाली. दिवाळीत गेलो तेव्हा पाहिली. जुनी कयाक बघताना मुख्य जागा म्हणजे ती आरपार भोकं, कारण तडा बहुतेक तिथेच जातो. आम्ही ती दोन लाकडांवर ठेवली, बूच काढून आत चार बादल्या पाणी ओतलं आणि चहा पिऊन आलो. खाली माती कोरडी होती. चौतीस हजारात वल्ह्यांसकट मिळाली. टेम्पोचे अडीच हजार. जॅकेट मात्र नवीन घेतली, वजनाप्रमाणे मापाची, पायांमधून पट्टा असलेली. दोन मिळून पाच हजार.

अंगणात कयाक उतरवली. बाबा खुर्चीत बसून बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. घन, सत्तर टक्के, सीटची उंची. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माका इचारलंस?"

मला आधी कळलंच नाही.

"माका येवचा आसा काय नाय, ह्यां इचारलंस?"

पाच महिने, सात शीट, एक टेम्पो. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याला एकदाही विचारलं नव्हतं. ते उठले आणि काठी टेकत आत गेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कयाककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि पडले तर?"

*

हा प्रश्न माझ्या एकाही कॉलममध्ये नव्हता.

मी जे मोजत होतो ते पडण्याची शक्यता. आई विचारत होती पडल्यानंतरचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला तरी हे आधी सुचायला हवं होतं. सर्व्हर बंद पडणार नाही याची काळजी आपण घेतोच, पण पडला तर काय करायचं याची वेगळी यादी असते. माझ्याकडे पहिल्याचीच सात व्हर्जन होती.

दुसऱ्या दिवशी चुलतभावाला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात कयाक नेली आणि मुद्दाम उलटली. उलटवायला बरीच मेहनत लागली, तेवढ्यापुरतं माझं गणित बरोबर होतं. पण नंतर पालथी कयाक सरळ करायची, वर छाती टाकायची, पाय मारत मध्यापर्यंत सरकायचं, वळून बसायचं. कमरेएवढ्या पाण्यात मला तिसऱ्या प्रयत्नात जमलं. मग मी डावा हात जॅकेटमध्ये खोचून पुन्हा प्रयत्न केला. जमलं नाही. चौथ्यांदा नाकातोंडात पाणी गेलं तेव्हा भाऊ म्हणाला, "पुरे."

जगातली कुठलीही कयाक, कितीही महाग, बाबांना पाण्यातून परत वर घेणार नव्हती. तेव्हा मी त्या कोमट पाण्यात उभा राहून कबूल केलं की यातला बराच भाग माझ्यासाठी होता. झटका आला त्या रात्री मी पुण्यात होतो. फोन सायलेंटवर होता. सकाळी पाहिलं तर आईचे अकरा मिस्ड कॉल. ते अकरा कॉल मी साठ हजारात परत फेडायला निघालो होतो.

संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसलो. कयाकचं काही बोललो नाही. बराच वेळ गेल्यावर विचारलं, "बाबा, खाडीत जावंसं वाटतं?"

ते म्हणाले, "वाटता." मग थोड्या वेळाने, "पण भीती वाटता."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पस्तीस वर्षं घाटातून एसटी चालवलेला माणूस.

*

काकांनी कयाकभोवती एक फेरी मारली, टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, "उलांडी बांध."

उलांडी म्हणजे होडीच्या बाजूला, दोन आडव्या दांड्यांवर बांधलेलं तरंगतं लाकूड. आमच्या किनाऱ्यावर एका झाडाच्या खोडातून कोरलेल्या अरुंद होड्यांना ती असायची, गोव्यातही असते. आजोबांच्या होडीला होती. लहानपणी आम्ही तिच्यावर चढून बसायचो आणि शिव्या खायचो. ज्या गोष्टीवर मी बसत होतो तिचं गणित मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं. अख्खी होडी रुंद करायची गरजच नाही. थोडासा तरंगणारा भाग मध्यापासून लांब नेला की पुरतं.

सहा इंची पीव्हीसी पाइपचे सव्वा-सव्वा मीटरचे दोन तुकडे घेतले, दोन्ही टोकांना टोपणं चिकटवली. प्रत्येकात साधारण चोवीस लिटर हवा. मध्यापासून नव्वद सेंटीमीटरवर बांधल्यावर एक पाइप पूर्ण बुडायच्या बेताला आला तर तो एकवीस-बावीस किलो-मीटरच्या जोराने होडीला परत ढकलतो. बाबा पाव मीटर बाहेर झुकले तर त्यांचा जोर एकोणीसच्या खाली. म्हणजे नुसत्या पाइपानेच हिशोब बसत होता, कयाकची स्वतःची रुंदी वेगळी. दांड्यांना बांबू, बांधायला नायलॉनची दोरी. बोल्टसाठी कयाकला भोक पाडायचं नाही, यावर काका आणि मी एकदाचे एकमत झालो. वल्हं अडकू नये म्हणून सगळं माझ्या सीटच्या मागे बांधलं.

वाद एकाच गोष्टीवर झाला. "दोन कित्याक? उलांडी एकाच बाजूक असता," काका म्हणाले. खरं आहे, एका बाजूची उलांडी दोन्हीकडे काम करते. तिच्या बाजूला होडी कलली तर ती तरंगून अडवते, उलट बाजूला कलली तर स्वतःच्या वजनाने खाली ओढते. पण जुनी उलांडी जड लाकडाची होती, माझा पाइप हलका. मी दोनवर अडून राहिलो. सगळा खर्च तीन हजार चारशे. एकूण चव्वेचाळीस हजार नऊशे.

बाबांना आम्ही आधी कयाकमध्ये बसवलंच नाही. डॉक्टरांना विचारून, थंडीतल्या एका दुपारी, जॅकेट घालून गुडघाभर पाण्यात नेलं. मग कमरेपर्यंत. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊ. "आता पाय सोडा," मी म्हणालो. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर वळ दिसले. मग पाय सुटले आणि ते तरंगले. डावा हात आपोआप पाण्यावर आला. जमिनीवर तो उचलायला त्यांना कष्ट पडतात, पाण्याने तो फुकट उचलला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. आई काठावर टॉवेल घेऊन उभी होती.

मग नियम ठरले, आईने लिहिले, फ्रिजवर लावले. जॅकेट नेहमी. काकांची होडी नेहमी शेजारी, दोरीच्या अंतरावर. मुखाकडे जायचं नाही, तिथे नदी आणि समुद्र भांडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नाही, अष्टमीच्या भांगाच्या पाण्यात जायचं, तेव्हा ओढ कमी असते. भरती पुरी होऊन पाणी थांबतं त्या सुमाराला निघायचं आणि तासाभरात परत. भरतीची वेळ काढायला मी ॲप उघडलं, बाबांनी कोकणातला जुना हिशोब केला: तिथीची पाऊणपट. अष्टमी म्हणजे सहा. ॲप थोडं अलीकडची वेळ दाखवत होतं. दोघांच्या मधली वेळ धरली.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा उजाडत होतं. कयाक वाळूवर, बाबा काठी टाकून आधी बसले, मग आम्ही ती पाण्यात सरकवली. उंच काठावरून पाय टाकायचा प्रश्नच नव्हता. काका इंजिन बंद करून वल्ह्यावर होते. कांदळवनाच्या कडेने दोनशे मीटर गेलो आणि दगडाचा नांगर टाकला.

बाबांनी उजव्या हाताने दोरी सोडली. डावा हात मांडीवर. अधूनमधून ते डावीकडे झुकायचे, डावा पाइप पाण्यात दबायचा आणि होडी त्यांना हळूच सरळ करायची, खांद्याला हात लावल्यासारखी. मी मागे श्वास धरून पाइपाकडे बघत बसलो होतो. जरा काही झालं की मी हलायचो.

अर्ध्या तासाने दोरी ताणली. बाबांची पाठ मागून बघूनच कळलं. मासा चांगला असावा. तो उजवीकडून मागे पळाला आणि दोरी माझ्या उजव्या पाइपाला वेढे घालून अडकली. मी सोडवायला वळलो, तेवढ्यात ती ढिली पडली.

"तुझ्या उलांडीन मासो घालवल्यान," बाबा म्हणाले. काका होडीत एवढे हसले की त्यांचीच होडी हलायला लागली. 'एकाच बाजूक' हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"सॉरी बाबा."

"आणि तू मागे कित्याक हलतंस? होडी हलतली. आपण हलूचा नाय."

आम्ही दोन लहान शेंगट्या घेऊन परतलो. आईने आधी आम्हाला मोजलं, मग मासे.

मी रविवारी रात्री पुण्याला परत आलो. शीट अजून आहे, उघडत नाही. बुधवारी मीटिंग चालू असताना घरून फोन आला. आता घरचा फोन मी कधीच सायलेंटवर ठेवत नाही. छातीत धस्स झालं, कॅमेरा बंद करून बाहेर आलो.

बाबा होते. विचारत होते, पुढची अष्टमी शनिवारी येते की रविवारी.